पाख्यावरची पावलं

धर्मा गेल्याची खबर आली तेव्हा मी शहापूरच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानाच्या ओट्यावर, करवतीला कानस मारत बसलो होतो. दुकानदाराने आतून मोबाइल आणून माझ्या कानाला लावला. पलीकडे मंजुळा होती, धर्माची मुलगी. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. रडली नाही. मी बरं म्हटलं, मोबाइल परत दिला आणि करवतीचे उरलेले दात घासायला घेतले. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. बघू दे. अर्धवट धार लावलेली करवत घेऊन मी धर्माच्या दारात गेलो असतो तर तो तिरडीवरून उठून मला बोलला असता… सगळे दात झाले, मग उठलो आणि मुरबाडची गाडी धरली.

त्याला आता महिना-दीड महिना झाला. मंजुळा म्हणाली, काका, बाबांबद्दल तुम्हीच लिहा, पेपरच्या पुरवणीत देऊ. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. काना-मात्रा तिने बघितल्या आहेत, शब्द माझे आहेत. एक-दोन ठिकाणी तिने ते बदलायला बघितले, मी बदलू दिले नाहीत.

आम्ही शेणवे गावाच्या अंगाचे. घरात भाताची शेती आणि बापापासून सुतारकी. धर्मा वाडीवरचा, म्हणजे गावाच्या बाहेर, ओढ्यापलीकडे ज्यांची घरं, त्यांच्यातला. जमिनीचा तुकडा नाही. पावसाळ्यात लोकांच्या शेतात लावणी आणि दिवाळी झाली की बायको-पोर घेऊन वीटभट्टीवर, ते थेट पाऊस तोंडावर आला की परत. माझ्याकडे आला तो वासे उचलायला आला. पण अंगाने हलका आणि उंचीला न घाबरणारा. वाशावरून मांजरासारखा चालायचा. बघता बघता हातोडी धरली, मग करवत. पुढे पुढे तर मी खाली आणि तो वर, असंच आमचं काम चालायचं. मला तो मिस्त्री म्हणायचा. राग आला की "अहो मिस्त्री" म्हणायचा. त्या 'अहो'वरून मला कळायचं की आज दुपारची भाकरी हा एकटा बसून खाणार.

मी सांगतोय ती गोष्ट मुरबाडला कारखाने आले त्या दिवसांतली. बाहेरच्या देशातून मोठमोठी मशिनं यायची, खोलीएवढ्या लाकडी पेट्यांत घालून. मशीन आत गेलं की पेटी मोडून बाहेर टाकायचे. तिचं प्लायवूड जाड, चांगलं. डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेने वाडीवरच्या मुलींसाठी वसतिगृह काढायचं ठरवलं होतं. संस्थेच्या बाई हिंडून हिंडून त्या पेट्या मागून आणायच्या. नुसत्या पत्र्याखाली मुली भाजून निघतील, म्हणून पत्र्याच्या खाली प्लायचं अस्तर घालायचं, असं बाईंचं म्हणणं. एकच लांबलचक हॉल, दोन्हीकडे खाटांच्या रांगा. छप्पर आम्हा दोघांकडे आलं. धर्माने मजुरीचं बोलायच्या आधी बाईंना विचारलं होतं, माझी मंजुळा हितं ऱ्हाईल काय? बाई हो म्हणाल्या. म्हणजे आपण भट्टीवर गेलो तरी पोरगी शाळेतच राहील, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याच्या वाडीतून तोवर एकही पोर सातवीपुढे गेलं नव्हतं, कारण परीक्षेच्या वेळी सगळी पोरं भट्टीवर विटा उलट्या करत असायची.

प्लायच्या पाट्यांवर पेट्यांचे छाप तसेच होते. बाण, काचेचा पेला, उघडी छत्री, आणि कोणाला वाचता न येणारी अक्षरं. छाप खालच्या अंगाला आले. मुली खाटेवर पडल्या की त्यांना वर तेच दिसायचं. बाण सगळे वेगवेगळ्या दिशेला. एक भिंतीकडे, एक दाराकडे, एक नुसताच कोपऱ्यात. मंजुळाने बापाला विचारलं होतं, हे बाण कुणाला वाट दाखवतात? धर्मा म्हणाला, मशिनला. पण त्याने ते जरा थांबून सांगितलं.

आता कामाचं थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. माझ्या बापाने मला शिकवलं होतं की फळी ठोकायची ती मध्यावर, कडा मोकळ्या सोडायच्या. आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. लाकूड पाणी धरतं, फुगतं, उन्हाळ्यात परत आवळतं. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या तर फळी मधोमध चिरते. कौलारू घरं अशीच बांधली आमच्या लोकांनी आणि ती उभी आहेत. तेव्हा प्लायसुद्धा आम्ही तसंच मारलं. जिथे पाटीखाली वासा आला तिथे खिळे, आणि दोन वाशांच्या मधे पाटीला पाटी भिडते ती सगळी कड अधांतरी, खाली काही नाही. मला आजही कोणी फळी दिली तर मी तशीच मारीन.

पहिला पावसाळा चांगला गेला. थेंब आला नाही. दिवाळीनंतर धर्माची बायको सखू भट्टीवर गेली, धर्मा माझ्याबरोबर कामावर राहिला, मंजुळा वसतिगृहात. होळीच्या सुमाराला दुपारनंतर डोंगराकडून वारा सुटायला लागतो. तेव्हापासून मुलींना वर कोणीतरी चालताना ऐकू येऊ लागलं.

बाईंनी निरोप पाठवला तेव्हा मी हसलो. वानर असेल म्हटलं. तरी गेलो दोघं. मुली शाळेतून आल्या होत्या, खाटांवर बसून अभ्यास करत होत्या. बाहेर लख्ख ऊन. वारा आला आणि दक्षिणेच्या कोपऱ्यातून पहिलं पाऊल पडलं. ठक्. मग जरा थांबून दुसरं. ठक्. जड माणसाने सावकाश टाकावं तसं. ते रांगेने पुढे येत गेलं आणि हॉलच्या मध्यावर येऊन थांबलं. मी बाहेर धावलो. पत्र्यावर काही नव्हतं, कावळासुद्धा. आत आलो तर सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या, पुस्तकं मांडीवर तशीच. एक लहानशी मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तो येतो, पण जात नाय."

मला आधी कळलं नाही. मग तिने समजावून सांगितलं. रोज कोपऱ्यातून येतो, मधे येऊन उभा राहतो. परत जाताना कधी ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी परत कोपऱ्यातूनच येतो. म्हणजे कालचा अजून तिथेच आहे. परवाचासुद्धा. ते सगळे वर उभे आहेत… मी तेव्हा चांगला जाणता माणूस, तरी मान वर करायला मला थोडा वेळ लागला.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. कोणी म्हणाला, वासे ज्या झाडाचे त्या झाडावरचा असेल. जास्त लोकांचं म्हणणं असं की तो पेटीत बसून आला, बाहेरच्या देशातून. भगत बोलावला. त्याने नारळ फोडला, कोंबडं फिरवलं. आवाज थांबेना. तेव्हा भगतच म्हणाला, ह्याला आपली भाषा कळत नाय, मी काय बोलणार त्याच्याशी? लोक हसले, पण हसून झाल्यावर आपापल्या मुली घेऊन गेले. रोज एक-दोन गाठोडी फाटकाबाहेर पडायची. बाई मला म्हणाल्या, निम्म्या खाटा रिकाम्या झाल्या तर संस्था हे बंद करील, मग मी तरी काय करू.

आणि सखू आली. भट्टीवरून थेट, अंगावर विटांची लाल धूळ तशीच. तिने मंजुळाचं गाठोडं बांधायला घेतलं. धर्मा दाराशी उभा राहिला. मी तिथेच होतो. नवरा-बायको भांडतील असं मला वाटलं, पण ती हळूच बोलली. म्हणाली, "शाळा नाय झाली तरी पोरगी जिती ऱ्हाईल. हितं ठेवून ती आपल्याला मिळंल का?" धर्माने तिच्याकडे आठ दिवस मागितले. आठ दिवसांत वरचा चालायचा थांबला नाय तर तूच घेऊन जा, मी आडवा येणार नाय. सखूने गाठोडं सोडलं नाही, तसंच खाटेखाली सरकवलं आणि तीही तिथेच राहिली. तिलाही भीती वाटत होती, पण पोरीच्या शेजारची खाट तिने धरली.

दुसऱ्या दिवशी धर्माने शिडी लावली. दोन पाट्या जिथे भिडतात तिथे, सांध्यावरून आडवी, कोळशाने रेघ मारली. अर्धी या पाटीवर, अर्धी त्या पाटीवर. असं सगळ्या छतभर करत गेला. मला म्हणाला, मिस्त्री, वारा येईपर्यंत खाटेवर पडून ऱ्हावा. वारा आला. कोपऱ्यात ठक् झालं आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथली रेघ मधोमध तुटली. एक अर्धी इकडे, एक अर्धी बोटभर तिकडे. मग पुढची रेघ तुटली. मग त्याच्या पुढची. कोणी अदृश्य माणूस एकेका रेघेवर पाय देत यावा तसं ते माझ्या डोक्यावर आलं. वारा पडला. आणि त्या रेघा हळूहळू, अजिबात आवाज न करता, परत जुळल्या.

धर्मा शिडीवरच बसून होता. म्हणाला, "जातो बी. फक्त अनवाणी जातो."

तिथे आमचं वाजलं. मी म्हटलं, खिळे वाढव, वाशांवर दुप्पट मार. तो म्हणाला, वाशावर पाटी हलतच नाय, हलते ती मोकळी कड. वारा लांब भिंतीला ढकलतो, भिंत छपराला ढकलते, आणि छप्पर एका अंगाने सरकतं, कारण पाटी पाटीला धरून नाही. एकेक पाटी आपापली. मी म्हटलं, कड बांधली की चिरेल, माझ्या बापाने सांगितलंय. तो म्हणाला, "अहो मिस्त्री, तुमच्या बापाने फळी सांगितली. ही फळी नाय. आडव्या-उभ्या पदरांची आहे, ही फुगून किती फुगंल? सुपाची कड सुटली का सूप कसं होतं? वीण धड असते, पण हातात धरलं का लुळं." मी म्हटलं, मग सूपच विणत बस. त्या दुपारी त्याने भाकरी एकट्याने खाल्ली.

मी ऐकलं ते त्याचं पटलं म्हणून नव्हे, सखू त्या खाटेवर बसून होती म्हणून. संध्याकाळी मी ठोकळे कापायला घेतले. लोक आजही म्हणतात की धर्माने भूत घालवलं. घालवू दे. ठोकळे माझ्या करवतीचे होते, आणि एकही ठोकळा दोन वाशांच्या मधे ढिला बसला नाही, हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो.

पत्रा उचकटून पट्ट्यापट्ट्याने काम केलं. दोन पाट्यांचा सांधा जिथे अधांतरी होता तिथे खालून ठोकळा लावायचा, मी तो खांद्याने वर दाबून धरायचा, आणि वरून धर्माने दोन्ही पाट्यांच्या कडा त्या ठोकळ्याला खिळ्यांनी बांधायच्या. मधे प्लाय, एकमेकांचं तोंड दिसत नाही. ठोकळा जागेवर बसला की मी खालून दोनदा टकटक करायचो. तो वरून दोनदा करायचा, मग चालत यायचा, बसायचा, ठोकायचा.

एक दिवस दुपारी मी मध्याजवळ होतो. मुली शाळेत. ठोकळा दाबला, टकटक केलं. वरून टकटक आलं. मग पावलं आली, कोपऱ्याकडून, सावकाश, आणि बरोबर माझ्या खांद्यावर येऊन थांबली. मी वाट बघतोय, खिळा येईना. मी म्हटलं, झोपलास काय रे? खांदा भरून आला म्हणून मी मान वळवली तर दारातून मला धर्मा दिसला. बाहेर आंब्याखाली, माठाजवळ, तांब्याने पाणी पीत होता. त्याने माझ्याकडे बघून हात केला… वारा नव्हता. आंब्याचं पान हलत नव्हतं. आणि माझ्या खांद्यावरच्या ठोकळ्यावर वजन होतं. मी आयुष्यभर वासे वाहिले आहेत, मला वजन कळतं.

मी भुताखेतांचा माणूस नाही. जे झालं ते लिहिलं. मंजुळा म्हणाली होती की हे गाळा, मी गाळलं नाही.

धर्माला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. कुठून आला, विचारलं. कोपऱ्यातून, मी म्हटलं. कुठं थांबला? माझ्यावर. तो म्हणाला, मग आपण उलटं करतोय. कोपऱ्यापासून बंद करत आलो, तर जो आत आहे तो मधेच अडकंल. कोपऱ्यातले मारलेले ठोकळे त्याने परत सोडवले आणि त्या दिवसापासून आम्ही मध्यापासून कडेकडे काम करायला लागलो. शेवटची ओळ कोपऱ्यातल्या वळचणीची. मी ठोकळा धरला, टकटक केलं. त्याने लगेच ठोकलं नाही. वळचणीच्या फटीतून मला दिसत होतं. तो पाख्याच्या, म्हणजे उतरत्या छपराच्या, कडेला, एका बाजूला सरून उभा राहिला होता, अरुंद बांधावर समोरून कोणी म्हातारं माणूस आलं की आपण सरतो तसा. पदर असता तर त्याने तो सावरला असता, इतका अंग चोरून. थोडा वेळ गेला. मग खाली बसला आणि ठोकायला लागला. कोण गेलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

सखूच्या आठ दिवसांतला शेवटचा दिवस. दुपारनंतर वारा सुटला, त्या सालातला सगळ्यांत मोठा. आंब्याची फांदी मोडून अंगणात पडली. बाहेर पत्र्याचा आवाज, धुळीचे लोट. उरलेल्या मुली एकाच खाटेवर गोळा होऊन बसल्या होत्या. धर्मा मंजुळाच्या खाटेवर उताणा पडला होता, डोळे मिटून. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. भिंत हलत नव्हती. वर… काही नाही. पूर्ण छप्पर एका अखंड ताटासारखं गप्प. वारा पडला. मग सखूने खाटेखालचं गाठोडं ओढलं, सोडलं, आणि मंजुळाचे कपडे एकेक करून पेटीत ठेवायला लागली. दुसऱ्या दिवशी ती एकटीच भट्टीवर परत गेली. हळूहळू बाकीच्या मुलीही आल्या. मंजुळा तिथूनच दहावी झाली, पुढे शिकली, आणि आता त्याच वसतिगृहात मुलींना सांभाळते, शिकवते.

धर्माने पुढेही माझ्याबरोबर बरीच छपरं केली. कडेखाली ठोकळा हा त्याचा नियम झाला. मी दरवेळी म्हणायचो, गरज नाही. तो म्हणायचा, अहो मिस्त्री, असू दे. मागच्या दोन वर्षांत दमा वाढला, भट्टीची धूळ छातीत बसली होती म्हणतात, आणि त्यातच गेला.

तेराव्यानंतर मंजुळाने मला वसतिगृहात बोलावलं. मला वाटलं काही दुरुस्ती असेल, म्हणून पिशवीत हातोडी, खिळे उपटायचा जंबुरा घेऊन गेलो. दुपारची वेळ, मुली शाळेत. हॉलमधे आम्ही दोघंच. ती तिच्या लहानपणच्या खाटेच्या जागेवर बसली, मी समोर. वारा सुटला होता. ती नुसती वर बघत होती. बऱ्याच वेळाने मला उमगलं की ती कशाची वाट बघतेय.

"काका, रोज बसते हितं," ती म्हणाली. "बाबा गेल्यापासून. वर कुणीच येत नाय."

मी म्हटलं, यायला वाट ठेवली नाय त्याने.

ती हसली, तिचे डोळे भरले. मग खाली बघत, लहान मुलीसारखी म्हणाली, "एक ठोकळा काढून द्या ना. कोपऱ्यातला. एकच."

पिशवी माझ्या मांडीवर होती. जंबुरा हाताला लागत होता. खरं सांगतो, मलाही वाटलं. एक ठोकळा, चार खिळे. एवढ्याने त्याच्या चालण्याचा आवाज आला असता, मला ओळखू आला असता, वाशावर तो कसा पाय टाकायचा ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक… पण सगळ्या खाटांवर मुलींच्या पांघरुणाच्या घड्या होत्या. प्रत्येक खाटेखाली एकेक पेटी होती.

"धर्माच्या हातचा खिळा मी उपटत नाय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. पुन्हा मागितलं नाही. आम्ही वारा पडेपर्यंत तसेच बसलो. मग फाटकाशी गलका झाला, मुली शाळेतून आल्या. दप्तरं खाटांवर फेकली, कोणी वेणी सोडली, कोणी कोणाची पाटी पळवली, दोघी भांडत भांडत माझ्या अंगावरून गेल्या. बाहेर परत वारा उठला, आंबा सगळा हलला. मी त्यांच्याकडे बघत होतो. एकीनेही वर बघितलं नाही.